आकाशातलं गुपित आणि मोबाइलवरची अफवा



मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा विमानं पाडल्याचे, हल्ल्यांचे व्हिडिओ मोबाइलवर धडाधड येत होते. त्यातले काही चक्क व्हिडिओ गेममधले निघाले, हे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेच सांगितलं. पण तोवर, जिचा मुलगा सीमेवर आहे त्या आईच्या जिवाचं काय झालं असेल?

बायका विचारतात, “ताई, लष्कर सगळं सांगत नाही. मग खरं कसं ओळखायचं?” त्यासाठी अमेरिकेतली एक जुनी हकिगत सांगते.

१९५५ साली तिथल्या नेवाडाच्या वाळवंटात यू-२ या हेरगिरीच्या विमानाची गुपचूप चाचणी सुरू झाली. तेव्हा बहुतेक प्रवासी विमानं वीस हजार फुटांच्या आतच उडत. हे विमान साठ हजार फुटांच्याही वर जाई. दिवस मावळल्यावर खाली अंधार पडतो, पण डोंगरमाथ्यावर ऊन रेंगाळतं ना? तसंच त्या उंचीवर पंखांवर ऊन पडून ते चमके. बघणाऱ्यांना वाटलं, परग्रहावरची तबकडी आली! म्हणजे चमक खरी होती, लावलेला अर्थ चुकीचा होता. खरं माहीत असलेले अधिकारी मात्र गुपितापायी गप्प राहिले.

१ मे १९६० रोजी सोव्हिएत रशियाने असं एक विमान पाडलं. अमेरिकेने सांगितलं, ते हवामानाचा अभ्यास करणारं विमान होतं. पण वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत सापडला होता. त्यामुळे हे खोटं काही दिवसांतच उघडं पडलं.

म्हणजे अफवा चुकते, तसं सरकारही कधी खरं लपवतं. पण सरकारने लपवलं म्हणून अफवा खरी ठरत नाही. मेसेज आला की तीन गोष्टी विचारा: स्वतः डोळ्यांनी कोणी पाहिलं? कुठे आणि केव्हा? त्यातलं पाहिलेलं किती आणि अंदाज किती? उत्तर मिळालं नाही, तर “अजून नक्की माहीत नाही” म्हणा. त्यात कसला कमीपणा?

गटाच्या वहीत पैसे हातात आल्याशिवाय आपण जमा लिहीत नाही. बातमीचंही तसंच करूया. खात्री होईपर्यंत पुढे पाठवायचं नाही. एखाद्या आईची रात्रीची झोप तेवढ्याने वाचेल.