कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशील व्यवसायशिक्षण

चित्रकला, उपयोजित कला, लेखन, संगीत, चित्रपट, अ‍ॅनिमेशन इत्यादी क्षेत्रांत उपजीविका करू इच्छिणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षणास सर्जनशील व्यवसायशिक्षण म्हणतात. मजकूर, चित्र व ध्वनी निर्माण करणाऱ्या जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारानंतर किशोरवयीन विद्यार्थ्यांची या व्यवसायांसाठी तयारी कशी करावी, हा शिक्षणक्षेत्रातील महत्त्वाचा प्रश्न बनला आहे.

पार्श्वभूमी

लिखित सूचनेवरून चित्र तयार करणारी मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजन ही साधने २०२२ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी चॅटजीपीटी उपलब्ध झाले. २०२३ मध्ये हॉलिवूडमधील पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावरील निर्बंध ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. लेखकांवर अशा साधनांच्या वापराची सक्ती करता येणार नाही, अशी तरतूद नंतरच्या करारात झाली.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या रोजगारविषयक अहवालात ग्राफिक डिझायनर हा व्यवसाय वेगाने घटणाऱ्या व्यवसायांत गणला गेला. त्याच अहवालात सर्जनशील विचार हे महत्त्व वाढत जाणारे कौशल्य मानले गेले.

शिकाऊ कामांचा प्रश्न

कलाव्यवसायात नवोदिताची सुरुवात परंपरेने दुय्यम कामांपासून होते. अ‍ॅनिमेशनमध्ये मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणे व रंग भरणे, जाहिरातसंस्थेत एकच मांडणी वेगवेगळ्या आकारांत बसवणे, प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन करणे, ही अशी कामे होत. त्यांतून वेतन मिते आणि ज्येष्ठांच्या हाताखाली नजरही तयार होते. पुनरावृत्तीच्या स्वरूपामुळे हीच कामे यंत्राकडे सोपवणे तुलनेने सोपे असते. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द डॉग अँड द बॉय' या जपानी अ‍ॅनिमेशन लघुपटाची पार्श्वचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केली होती व त्यावरून बरीच टीका झाली. अशी कामे कमी झाल्यास पूर्वी नोकरीत मिळणारा सराव शाळा-महाविद्यालयांनाच पुरवावा लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्र राज्याचे कला संचालनालय शालेय विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा त्यांत समावेश असतो. ठरावीक वेळेत, हाताने काढलेल्या चित्रांवर आधारित असल्याने या परीक्षांत निरीक्षण व स्मरण यांचा थेट कस लागतो. आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या 'यूसीड' या डिझाइन प्रवेशपरीक्षेतही हाताने रेखाटन करावे लागते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीच्या वर्गात कृत्रिम बुद्धिमत्ता हा वैकल्पिक विषय सुरू केला. कला व विज्ञान यांच्यात कठोर विभागणी नसावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते.

देवनागरी अक्षरलेखनाचे उदाहरण

चित्रनिर्मिती करणाऱ्या प्रारंभीच्या साधनांकडून देवनागरी मजकुरात जोडाक्षरे, रफार व वेलांट्या यांच्या ठळक चुका होत असत. अक्षराची घडण ठाऊक असणाऱ्यालाच अशी चूक ओळखता व सुधारता येते. मराठी नाटकांची शीर्षके घडवणारे कमल शेडगे आणि 'मंगल' या देवनागरी संगणकीय टंकाचे रचनाकार र. कृ. जोशी यांचे काम अशाच ज्ञानावर उभे होते. साधने सुधारल्यावर ढोबळ चुका कमी झाल्या तरी अक्षराचे वजन, अंतर व आशयाशी असलेले नाते पारखण्यासाठी प्रशिक्षित नजर लागतेच.

अध्यापनपद्धती

केवळ अंतिम कलाकृतीवर गुण दिल्यास ती कोणी केली हे ठरवणे कठीण होते. त्यामुळे कच्ची रेखाटने, टाकून दिलेले आराखडे आणि तोंडी चर्चा यांनाही मूल्यमापनात स्थान देता येते. उदाहरणार्थ, विद्यार्थ्याने आठवडी बाजारात बसून रेखाटने करावीत, नंतर त्याच दृश्याचे चित्र साधनाकडून तयार करून घ्यावे आणि तराजू, टोपल्या, नेसण्याची पद्धत यांत कोठे फरक पडला ते नोंदवावे. या क्रमात निरीक्षण आधी व साधन नंतर येते. साधन वापरल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख करण्याची सवयही याच वयात लावता येते.

कायदेशीर बाबी

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती वा कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती होय. अमेरिकेत मात्र मानवी कर्तृत्व नसलेल्या कृतीला संरक्षण मिळत नाही. त्यामुळे परदेशी ग्राहकांसाठी काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या कामातील स्वतःचा वाटा दाखवता येणे आवश्यक ठरते. शिक्षणात अशा साधनांच्या स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षे वयोमर्यादा असावी, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

मर्यादा

साधनांना वर्गात पूर्ण मज्जाव केल्यास विद्यार्थी प्रत्यक्ष व्यवसायातील कार्यपद्धतीला अपरिचित राहतात. केवळ साधने शिकवल्यास ती बदलताच ते शिक्षण कालबाह्य होते. सशुल्क साधने सर्वांना परवडत नाहीत, तसेच पूर्णवेळ कलाशिक्षक नसलेल्या शाळांत मूलभूत रेखाटनाचा सरावही दुर्मीळ असतो. अशा शाळांतील मुलांना शिकाऊ कामांच्या घटत्या संधींचा फटका अधिक बसण्याची शक्यता असते.