पंचतारांकित पोरं, हुकलेले चषक

27 नोव्हेंबर 1965 ची संध्याकाळ. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या कोऱ्या करकरीत पॉली पॅव्हिलियनमध्ये घरातल्या घरातच बास्केटबॉलचा सामना होता. एका बाजूला लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरलेला विद्यापीठाचा मुख्य संघ, दुसऱ्या बाजूला नुकतीच दाखल झालेली प्रथम वर्षाची मुलं. त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. निकाल लागला 75-60, पोरांच्या बाजूने. न्यूयॉर्कहून आलेल्या सात फुटी ल्यू अल्सिंडरने एकट्याने 31 गुण केले. पुढे जगाने त्याला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखलं.

पुढच्या वर्षापासून तो मुख्य संघात आला आणि 1967, 1968, 1969 अशी तीन विजेतेपदं यूसीएलएकडे गेली. प्रशिक्षक जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या 12 वर्षांत 10 वेळा राष्ट्रीय चषक जिंकला. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोणत्या प्रशिक्षकाने किती चांगली पोरं आणली, हा वाद आजही निघाला की सुरुवात वुडन यांच्यापासूनच होते. त्या काळावर एक डागही आहे. सॅम गिल्बर्ट हे श्रीमंत बांधकाम व्यावसायिक यूसीएलएच्या खेळाडूंवर सढळ हाताने खर्च करत. वुडन निवृत्त झाल्यावर, 1981 मध्ये, एनसीएए या नियामक संस्थेने विद्यापीठाला शिक्षा केली तेव्हा गिल्बर्ट यांचं नाव त्या प्रकरणात होतं. वुडन यांच्या चषकांचा हिशेब मांडताना हेही जमेस धरायला हवं.

ही भरती चालते कशी, ते आधी पाहू. तिथे कॉलेजच्या संघात निवडचाचणी देऊन शिरणारे थोडे. बहुतेकांना प्रशिक्षक शाळेत असतानाच हेरतो, वर्षानुवर्षं पत्रं पाठवतो, फोन करतो, सामने बघायला जातो आणि शेवटी घरी जाऊन आईवडिलांसमोर बसतो. आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखाच प्रकार, फक्त इथे पारख होते ती आलेल्या पाहुण्याची. पोरगा गुणी असेल तर दारात अशा पाहुण्यांची रांग असते. पुरुषांच्या संघाकडे अलीकडेपर्यंत एकूण 13 शिष्यवृत्त्या असायच्या, म्हणजे वर्षाला तीन-चार जागा. त्यात एक निवड चुकली तर पुढची दोन-तीन वर्षं तिची किंमत मोजावी लागते.

कधी दुसऱ्यांनी बंद ठेवलेली दारंच एखाद्याच्या पथ्यावर पडली. 1966 पर्यंत टेक्सास वेस्टर्न या फारशा माहीत नसलेल्या कॉलेजच्या डॉन हॅस्किन्स यांनी न्यूयॉर्क, डेट्रॉइट, गॅरी, ह्यूस्टन अशा शहरांतून कृष्णवर्णीय खेळाडू गोळा केले. अमेरिकेच्या दक्षिणेतली बडी विद्यापीठं तेव्हा अशा मुलांना संघात घेतच नव्हती. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात हॅस्किन्स यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीला उतरवले आणि ॲडॉल्फ रप यांच्या पूर्ण गोऱ्या केंटकी संघाला 72-65 असं हरवलं. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ यांनी चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन आपल्या विद्यापीठाची भिंत पाडली. भरतीच्या यशाची गोष्ट सांगताना हा अध्याय गाळला, तर बाकी सगळी आकडेमोड पोकळ ठरते.

माइक शेशेव्हस्की, म्हणजेच सगळ्यांचे 'कोच के', 1980 मध्ये ड्यूक विद्यापीठात आले तेव्हा त्यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं. 1982 मध्ये त्यांनी जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास, डेव्हिड हेंडरसन ही पोरं आणली. पहिल्या हंगामात या संघाने 11 सामने जिंकले आणि 17 हरले. शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने त्यांना 109-66 असं धुऊन काढलं. प्रशिक्षकाला हाकला, अशी ओरड सुरू झाली. विद्यापीठाने धीर धरला. तीच मुलं 1986 मध्ये, चौथ्या वर्षात, 37 सामने जिंकून अंतिम फेरीत पोहोचली आणि लुइव्हिलकडून 72-69 अशी हरली. त्या सामन्यात लुइव्हिलला तारलं ते पर्विस एलिसन या पहिल्या वर्षाच्या पोराने. म्हणजे अनुभव नेहमीच जिंकतो असंही नाही. 2003 मध्ये सिराक्यूजच्या जिम बोहाइम यांना एकमेव विजेतेपद मिळालं तेही पहिल्या वर्षाच्या कार्मेलो अँथनीच्या जोरावर.

पोरांचं अख्खं वर्ष गाजण्याची प्रथा मात्र मिशिगनने पाडली. 1991 मध्ये स्टीव्ह फिशर यांनी ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग, रे जॅक्सन अशी पाच पोरं एकाच वर्षी आणली, आणि हंगाम सरता सरता पाचही जणांना सुरुवातीच्या संघात घेतलं. ढगळ्या चड्ड्या, काळे मोजे आणि बिनधास्त खेळ यांमुळे देश त्यांच्यावर लुब्ध झाला. लागोपाठ दोन वर्षं ते अंतिम फेरीत गेले, दोन्ही वेळा हरले. 1992 मध्ये ड्यूकने त्यांना 71-51 असं सहज मागे टाकलं. ड्यूकच्या त्या संघाचा कणा होता चौथ्या वर्षाचा क्रिश्चन लेटनर. पुढे एका पाठीराख्याने खेळाडूंना पैसे दिल्याचं उघड झालं आणि मिशिगनची ती कामगिरी नोंदींतूनच पुसली गेली.

महिलांच्या बास्केटबॉलमधली एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर 1990. टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट नऊ महिन्यांच्या गरोदर असताना मिशेल मार्सिनियाक या मुलीला भेटायला विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या. तिथेच त्यांना कळा सुरू झाल्या. तरीही भेट आटोपून त्या परतीच्या विमानात बसल्या आणि बाळ टेनेसीतच जन्माला आलं पाहिजे, असा हट्ट धरून नॉक्सव्हिलपर्यंत तग धरून राहिल्या. मुलगा तिथेच जन्मला. मार्सिनियाक आधी नोत्र दामला गेली खरी, पण पुढे टेनेसीत आली आणि 1996 च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. समिट यांच्या आठ राष्ट्रीय चषकांमागची जिद्द या एका प्रवासातून कळते.

पुरुषांच्या खेळात मोठी उलथापालथ झाली ती 2005 मध्ये. तोवर केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स यांच्यासारखी मुलं शाळेतून थेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जात होती. एनबीएने नियम केला की ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीसाठी, वय 19 हवं आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. 2006 च्या ड्राफ्टपासून तो लागू झाला. देशातली सर्वांत गुणी मुलं आता जेमतेम एक वर्षासाठी कॉलेजात येऊ लागली.

हे वारं सगळ्यांत आधी ओळखलं जॉन कॅलिपारी यांनी. इतर प्रशिक्षक पोरांना चार वर्षांची पदवी आणि विद्यापीठाच्या परंपरेच्या गोष्टी सांगत असताना कॅलिपारी सरळ सांगायचे की माझ्याकडे एक वर्ष या, एनबीएत पोहोचाल. आईवडिलांना हा माणूस प्रामाणिक वाटला, आणि या बाबतीत तो होताही. मेम्फिसमध्ये त्यांनी डेरिक रोझ आणला. 2009 मध्ये केंटकीला गेल्यावर पहिल्याच वर्षी जॉन वॉल, डिमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो आणले. जून 2010 मध्ये केंटकीचे पाच खेळाडू ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेले. तोवर एका कॉलेजातून एकाच वर्षी एवढे कोणी गेले नव्हते.

पण तो हंगाम जिंकला कोणी? शेशेव्हस्की यांच्या ड्यूकने. वेस्ट व्हर्जिनियाने केंटकीला अंतिम चार संघांत येण्याआधीच बाहेर काढलं. त्या दिवशी केंटकीचे तीन गुणांचे 32 पैकी फक्त चार फेक आत गेले. ड्यूकचा कारभार जॉन शायर, काइल सिंगलर, नोलन स्मिथ, ब्रायन झूबेक अशा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांच्या हाती होता, आणि 2010 च्या ड्राफ्टमध्ये त्या विजेत्या संघातलं एकही नाव नव्हतं. भरतीच्या यादीत पहिला कोण आणि चषक कोणाकडे, यातलं अंतर इतकं लख्ख क्वचितच दिसलं असेल.

2012 मध्ये कॅलिपारी जिंकले. 38 विजय, दोन पराभव. अँथनी डेव्हिस आणि मायकल किड-गिलख्रिस्ट हे त्यांचे पहिल्या वर्षाचे दोघं पुढे ड्राफ्टमध्ये पहिले आणि दुसरे निवडले गेले. मात्र कॅन्ससविरुद्धचा अंतिम सामना नीट आठवला तर वेगळंच चित्र दिसतं. डेव्हिसने 16 रिबाउंड घेतले, सहा फेक अडवले, पण त्याचे स्वतःचे दहापैकी नऊ फेक हुकले. सर्वाधिक 22 गुण केले दुसऱ्या वर्षाच्या डोरॉन लॅम्बने. चौथ्या वर्षाचा डेरियस मिलर या पोरांना सांभाळायला होता. केंटकीतल्या 15 वर्षांत कॅलिपारींना मिळालेला हा एकमेव चषक.

बाकीच्या वर्षांत? 2013 मध्ये दुय्यम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत रॉबर्ट मॉरिसकडून हार. 2014 मध्ये पाच नवख्यांसह अंतिम फेरी गाठली, तिथे चौथ्या वर्षाच्या शबाझ नेपियरच्या कनेटिकटने 60-54 असं हरवलं. 2015 मध्ये लागोपाठ 38 विजय मिळवून अपराजित राहिलेला संघ उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनपुढे 71-64 असा कोसळला. त्या सामन्यात 20 गुण करणारा फ्रँक कमिन्स्कीही चौथ्याच वर्षाला होता आणि शाळेत असताना त्याच्या मागे कोणी रांग लावली नव्हती. 2024 मध्ये ओकलंड या छोट्या विद्यापीठाच्या जॅक गोलकीने तीन गुणांचे दहा फेक टाकून केंटकीला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. गोलकी तिथे आला होता दुय्यम विभागातल्या हिल्सडेल कॉलेजातून. महिनाभरात कॅलिपारी आर्कान्सॉला गेले.

शेशेव्हस्की यांनीही कॅलिपारींची वाट धरली, हे त्यांच्या चाहत्यांना सुरुवातीला पचलं नाही. 2015 मध्ये ती फळाला आली: अंतिम सामन्यात ड्यूकच्या 68 पैकी 60 गुण पहिल्या वर्षाच्या चौघांनी केले. तीन वर्षांनी झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट आणि कॅम रेडिश हे भरतीच्या क्रमवारीत देशातले पहिले तिघं एकदमच ड्यूकमध्ये आले. भरतीच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं घबाड. त्या संघाला मिशिगन स्टेटने 68-67 असं रोखलं, आणि चषक नेला आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत नाचक्की झालेल्या व्हर्जिनियाने.

दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघावेत. ड्राफ्टमध्ये अगदी पहिला निवडला गेलेला खेळाडू दोघांनीही प्रत्येकी चार वेळा दिला. शेशेव्हस्की यांचे एल्टन ब्रँड, कायरी अर्व्हिंग, झायन विल्यमसन, पाओलो बँकेरो. कॅलिपारी यांचे डेरिक रोझ, जॉन वॉल, अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स. या आठ जणांपैकी कॉलेजचा चषक उचलला एकट्या डेव्हिसने.

पोरं आणण्यात कॅलिपारी निःसंशय पहिले, पण कोणत्या संघात कोणतं पोर बसतं हे ओळखण्यात विलानोव्हाचे जे राइट त्यांच्यापेक्षा उजवे होते. राइट यांनी 2016 आणि 2018 असे दोन चषक जिंकले. मिकाल ब्रिजेसचा एक अख्खा हंगाम न खेळता गेला आणि डाँटे डिव्हिन्सेंझोच्याही एका हंगामाचा बराचसा भाग. ब्रिजेस पहिल्या वर्षी फक्त सराव करत होता, अंग भरत होता. 2018 च्या अंतिम सामन्यात डिव्हिन्सेंझोने बाकावरून येऊन 31 गुण केले. शाळेत नाव कमावलेला जेलन ब्रन्सन तीन वर्षं राहिला आणि तेवढ्यात पदवीही घेऊन गेला.

2021 नंतर हा वाद वेगळ्याच वळणावर गेला. त्या वर्षापासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं, आणि 1 जुलै 2021 पासून आपल्या नावावर पैसेही मिळवता येऊ लागले. जुलै 2025 पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. शाळकरी पोराच्या घरी चार वर्षं खेटे घालण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू आणणं सोपं झालं. 2025 च्या विजेत्या फ्लोरिडाचे वॉल्टर क्लेटन, अलाइजा मार्टिन आणि विल रिचर्ड हे तिघंही दुसरीकडून आलेले होते.

शेवटी एक नाव, कोणत्याही यादीत वर नसलेलं. शार्लटमधला एक काटकुळा मुलगा. त्याचे वडील व्हर्जिनिया टेकचे नामवंत खेळाडू, पण त्या विद्यापीठाने मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजच्या बॉब मॅकिलॉप यांनी त्याला घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याने 13 वेळा चेंडू गमावला, तरी मॅकिलॉप यांनी त्याला बाकावर बसवलं नाही. दुसऱ्या सामन्यात त्याने 32 गुण केले. 2008 मध्ये त्याने डेव्हिडसनला अंतिम चार संघांच्या उंबरठ्यापर्यंत नेलं. तो स्टीफन करी. तिसऱ्या वर्षानंतर तो एनबीएत गेला, चार वेळा विजेता झाला, आणि 2022 मध्ये राहिलेला अभ्यास पूर्ण करून त्याने पदवी मिळवली. पदवी घेतल्याशिवाय क्रमांक सन्मानाने निवृत्त करायचा नाही, असा डेव्हिडसनचा शिरस्ता आहे. त्याच वर्षी 31 ऑगस्टला त्याचा 30 क्रमांकाचा गणवेश कॉलेजच्या क्रीडागृहात वर चढवला गेला.