रिसेप्शनवरचा संगणक आणि पाच कळांचा सापळा

हॉटेलच्या रिसेप्शनवर ईमेल येते: ‘तुमच्याकडे उतरलेल्या पाहुण्याने तक्रार केली आहे, ताबडतोब उत्तर द्या.’ पाठवणाऱ्याचे नाव बुकिंग डॉट कॉम. ते खोटे असते. डिसेंबर २०२४ पासून अशा ईमेलांची मोहीम सुरू असल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले; तिच्या तडाख्यात दक्षिण आशियातली हॉटेलेही होती.

लिंक उघडली की ‘तुम्ही रोबो नाही ना?’ ही ओळखीची पडताळणी दिसते. इथे मात्र कळा दाबायला सांगतात: विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, शेवटी एंटर. पहिल्या जोडीने संगणकाची ‘रन’ खिडकी उघडते. दुसरीने तिथे एक आज्ञा पेस्ट होते. त्या पानाने ती आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. एंटर दाबताच चोरटे सॉफ्टवेअर डाउनलोड होते. आज्ञा कर्मचाऱ्यानेच दिलेली असल्याने सुरक्षा यंत्रणेच्या नजरेतून हे सुटू शकते.

मग ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जातात, कुकीही जातात. लॉगिनची कुकी म्हणजे तिकीट तपासून हातावर मारलेला शिक्का; तो असला की दारावर पुन्हा अडवत नाहीत. म्हणून ओटीपी लावलेले खातेही चोराला उघडता येते. आत पाहुण्यांची नावे, तारखा, रकमा असतात. त्यांना हॉटेलच्याच चॅटमधून संदेश जातो: ‘कार्डाची पडताळणी झाली नाही, आजच पैसे भरा, नाहीतर बुकिंग रद्द.’ सगळा तपशील बरोबर असतो. पाहुण्याने विश्वास ठेवला तर त्याला काय दोष द्यायचा?

मालवणच्या होमस्टेपासून कळंगुटच्या रिसॉर्टपर्यंत, तक्रारीला लगेच उत्तर द्यायचे हे या धंद्यात अंगवळणी पडलेले असते. सापळा नेमका त्यावरच लावलेला आहे. म्हणून माझ्या मते महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी मालकाने रिसेप्शनवरच्या मुलांना स्पष्ट सांगावे: ईमेलमधली लिंक उघडायची नाही, नेहमीच्या पत्त्याने खात्यात जाऊन तक्रार आहे का ते पाहायचे, उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही. ‘रन’ खिडकी बंद करून घेता येते. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे.

कळा दाबल्या गेल्याच, तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदला आणि सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी निकामी होईलच असे नाही. बुकिंग कंपनीला कळवा. येणाऱ्या पाहुण्यांना त्याच दिवशी फोन करा. कोणाचे पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवायला सांगा.