मोटारीच्या रंगावर चिकटलेलें पॉलिश

विजयादशमीच्या आदल्या दिवशीं शहरांतील कोणत्याही सोसायटीच्या आवारांत नजर टाकावी, तों एकच दृश्य दिसतें. उद्यां गाडीला झेंडूची माळ घालावयाची, म्हणून घरचे गृहस्थ बाह्या सारून कामाला लागलेले असतात. आश्विनांतलें ऊन, काळ्या रंगाची गाडी आणि हातांत पॉलिशची नवी बाटली. पॉलिश सढळ हातानें साऱ्या गाडीवर एकदम फासलें जातें, मग चहा होतो, आणि चहा संपवून फडका घेऊन परत यावें तों तें वाळून दगड झालेलें असतें. पुसावें तर पांढरे ढग उरतात. दरवाजाच्या फटींत, नांवाच्या अक्षरांभोंवतीं आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर तर चुना सांडल्यासारखें दिसतें. अशा वेळीं शेजारचा कोणी अनुभवी मनुष्य पुढें होऊन सांगतो, "जरा थिनर लावा." गाडीला खरें भय असतें तें या सल्ल्याचें, त्या पांढऱ्या ढगांचें मुळींच नव्हे.

पॉलिश या एकाच नांवाखालीं बाजारांत दोन निराळे पदार्थ विकले जातात. एक खरें पॉलिश. त्यांत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिशय बारीक, कठीण भुकटी तेल व पाणी यांच्या मिश्रणांत कालवलेली असते. तिचें काम रंगाचा वरचा पापुद्रा किंचित् घासून सपाट करणें. दुसरें मेण. ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर मिळणारें कार्नोबा मेण यांत प्रसिद्ध आहे. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेंटिग्रेडला वितळतें, म्हणजे मधमाशीच्या मेणाहून बरेंच कणखर. पुष्कळ बाटल्यांत हे दोन्ही पदार्थ एकत्र असतात. पातळ भाग उडून गेला कीं मागें भुकटी, मेण व थोडा तेलकट अंश एवढें उरतें. सावलींत थंड पत्र्यावर हें काम सावकाश चालतें आणि फडक्याला सवड मिळते. उन्हानें तापलेल्या बॉनेटवर तीच गोष्ट कांहीं मिनिटांत उरकते. त्यांतून थर जाड असला म्हणजे तो वरून वाळतो, आंतून ओशट राहतो, आणि फडक्याबरोबर निघण्याऐवजीं पसरत जातो. दोष बाटलीचा क्वचितच असतो.

आतां ज्याच्यावर हें चिकटलें तो रंग काय आहे, हें पाहिल्याशिवाय उपायाला हात घालूं नये. पहिल्या महायुद्धापर्यंत मोटारींना घोडागाडीप्रमाणेंच तेलाचे रंग व व्हार्निश देत, आणि तें पुरतें वाळावयास आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंतील द्यु पाँ कंपनीचें ड्युको नांवाचें नायट्रोसेल्युलोज लॅकर निघालें. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तें प्रथम वापरलें गेलें आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. आपल्याकडील रंगारी फर्निचरच्या रंगाला आजही ड्युको म्हणतात तें याचेंच नांव. हें लॅकर केवळ द्रावक उडून वाळतें, म्हणून द्रावक पुन्हां लागला कीं तें पुन्हां विरघळतें. जुनी, हौसेनें जपलेली गाडी अशा रंगाची असेल तर थिनरचा बोळा पॉलिश काढीत नाहीं, रंगच काढतो.

आजच्या गाड्यांची रचना वेगळी. खालीं गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. हे सर्व मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यांतला पारदर्शक थर अवघा ४० ते ५० मायक्रॉन. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन धरला, तर गाडीची सारी झळाळी व उन्हापासूनचें रक्षण केंसाहूनहि पातळ अशा एका पडद्यावर अवलंबून आहे. हा पडदा द्रावकाला ड्युकोपेक्षां पुष्कळ दाद देत नाहीं. परंतु थिनरमधील टोल्युइन, अ‍ॅसिटोन इत्यादि द्रव्यांनीं तो मंद होऊं शकतो, आणि शेजारचें रबर व दिव्यांचें पॉलिकार्बोनेट तर लवकर बिघडतें. नखानें, ब्लेडनें किंवा भांडीं घासण्याच्या काथ्यानें खरवडणें हेंहि त्याच जातीचें. एकदां गेलेला थर परत येत नाहीं. पुन्हां रंग देणें एवढाच मार्ग राहतो.

म्हणून आधीं परीक्षा करावी. डाग ओल्या फडक्यानें दिसेनासा झाला आणि वाळतांच परत उमटला, तर तें बहुधा उरलेलें पॉलिश किंवा अगदीं उथळ ओरखडे. पांढऱ्या भागाला नखाला जाणवेल अशी कड असेल आणि कडेला पापुद्रा सुटत असेल, तर तें पॉलिश नव्हेच. पारदर्शक थर सुटूं लागला आहे. तेथें जितकें घासावें तितका तो अधिक उकलतो. पुष्कळ जण नेमके येथेंच चुकतात आणि दुपारभर घासून वाटीएवढ्या डागाचें ताट करून ठेवतात.

खरोखरच पॉलिश असेल तर गाडी सावलींत घ्यावी, पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावें आणि ती साबणाच्या पाण्यानें नीट धुवावी. धूळ तशीच ठेवून पुसणें म्हणजे रंगावर वाळूचा कागद फिरविणें होय. यापुढचा उपाय ऐकावयास विचित्र वाटतो: त्या डागावर तेंच पॉलिश पुन्हां थोडेंसें लावावें. नव्या पॉलिशमधील पातळ भाग जुन्या वाळलेल्या थराला मऊ करतो, आणि दोन्ही एकदमच फडक्यावर येतात. मात्र एका वेळीं दोन वितींपेक्षां अधिक जागा घेऊं नये व लगेच पुसावें. फडका मायक्रोफायबरचा उत्तम. पॉलिएस्टर व पॉलिअमाइडचे चिरलेले बारीक धागे भुकटी आपल्यांत उचलून घेतात. तो जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा.

एवढ्यानें न भागलें तर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावें. औषधांच्या दुकानांतील ७० टक्क्यांच्या द्रवाचा एक भाग व पाण्याचे तीन भाग हें प्रमाण पुरतें. मेणाचा अंश अधिक असेल तर रंगाच्या दुकानांतील मिनरल टर्पेंटाइनचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसावें आणि मागाहून ती जागा साबणानें धुवावी. दोन्ही आधीं दरवाजाच्या आंतल्या कडेवर लावून पाहावीं. ड्युकोच्या किंवा नुकत्याच रंगविलेल्या गाडीला लावूंच नयेत. फडक्यावर गाडीचाच रंग उतरूं लागला तर थांबावें. पारदर्शक थर नसलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतींत पॉलिशनें थोडा रंग येतोच, पण द्रावकानें येणें हें चांगलें लक्षण नव्हे. रॉकेलची पूर्वापार चाल सोडावी. तें मागें तेलकट थर ठेवतें व त्यावर धूळ बसते. पेट्रोल तर आगीच्या भयानेंच वर्ज्य.

फटी व अक्षरें यांना मऊ केंसांचा जुना रंगाचा ब्रश साबणाच्या पाण्यांत बुडवून वापरावा. काळ्या खरखरीत प्लास्टिकवर मेण रंध्रांत शिरतें. तेथें पेन्सिलीचा पांढरा रबर आश्चर्यकारक काम देतो.

अल्कोहोल किंवा टर्पेंटाइननें जुनें मेणहि निघून जातें, तेव्हां तें पुन्हां लावणें आलेंच. या वेळीं एका दरवाजाला दोनतीन थेंब, एक भाग पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाहीं, आणि चहा सगळें पुसून झाल्यावर. दसऱ्याच्या पूजेंत बॉनेटवर ओल्या कुंकवाचें स्वस्तिक काढलें असेल तर फिकट रंगाच्या गाडीवरून तें दुसऱ्याच दिवशीं पाण्यानें धुवून टाकावें.