सुया टोचत नाही, मासा पोहत नाही

नायजेरियातल्या रस्त्यावरच्या खाण्याची नावं मराठी कानाला हमखास चकवतात. तिथला ‘मासा’ पाण्यात राहत नाही. आंबवलेल्या तांदळाचं पीठ, खळगे असलेला तवा, थोडं तेल. आप्प्यांच्या ताटात मिसळला तर कुणी वेगळा काढणार नाही. आणि ‘सुया’ शिवणाच्या डब्यात नसते, निखाऱ्यांवर असते. नावांचा हा घोटाळा गमतीचा. बाकीच्या समजांकडे मात्र जरा नीट बघायला हवं.

सगळ्यांत चिवट समज असा की, आफ्रिकेतलं खाणं म्हणजे मांसच. सकाळी लागोसमध्ये नाक्यावरच्या कढईत तळला जात असतो तो अकारा, आणि तो निव्वळ चवळीचा. चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, वाटायची, कांदा-मिरची घालून हलकी होईस्तोवर फेटायची. सोड्याची गरज नाही. फेटताना शिरलेली हवाच वडा फुलवते. तो मक्याच्या आंबवलेल्या पेजेबरोबर, म्हणजे ‘ओगी’बरोबर खातात, नाहीतर पावात घालून. वडापावावर वाढलेल्यांना ही जोडी समजावून सांगायला नको. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या योरुबा लोकांबरोबर हा वडा ब्राझीलच्या बाईया प्रांतात गेला आणि ‘अकाराजे’ झाला. तो विकणाऱ्या बायकांच्या व्यवसायाची ब्राझीलने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. पूर्वेकडे एनुगूच्या बसथांब्यांवर ‘ओक्पा दी ओकू’, म्हणजे ‘ओक्पा गरम आहे’, अशी आरोळी ऐकू येते. भुईमुगासारख्याच, जमिनीखाली येणाऱ्या एका कडधान्याचं पीठ, त्यात पामतेल, आणि केळीच्या पानात वाफवलेलं. मांसाचा पत्ताच नाही.

आता सुया. ती मांसाचीच, बहुतेक वेळा गोमांसाची: पातळ काप काडीला ओवून भाजलेले. पण तिला ‘शेंगदाण्याच्या चटणीतला कबाब’ म्हणणं चूक. चव असते ती ‘याजी’ नावाच्या कोरड्या मसाल्यात, आणि याजीचा पाया असतो ‘कुली-कुली’. शेंगदाणे भाजून, कुटून, मळून त्यांतलं तेल काढतात. उरतो तो लगदा वळून कडक तळतात. आपल्याकडे पेंड म्हटलं की गोठाच आठवतो. हौसा समाजातल्या बायकांनी त्याच पेंडेचा खाऊ केला. तेल निघून गेल्याने तिची पूड कोरडी राहते आणि मांसाला छान बसते. त्यात सुंठ आणि सढळ हाताने लाल मिरची. सुयावाला, म्हणजे ‘माई सुया’, संध्याकाळी निखारे फुलवतो, काप कागदात गुंडाळून वर कच्चा कांदा टाकतो. पदार्थ उत्तरेतल्या हौसांचा असला, तरी दक्षिणेतल्या लागोसमध्येही त्याच्यासमोर गाडीवाले आणि पायी जाणारे एकाच रांगेत असतात. रस्त्यावरचं म्हणजे गरिबाचं पोटभरू खाणं, हा समज तिथेच विरतो.

आणि हो, ज्यांशिवाय याजीची कल्पनाही करता येत नाही, ते शेंगदाणे आणि मिरची दोन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्या ठेच्यानेही यावर फार हसू नये.

‘बोली’ला भाजलेलं केळं म्हणतात ते अर्धवट खरं आहे. साल काढून निखाऱ्यावर भाजतात ते फळ शिकरणीचं नव्हे. पिष्टमय, शिजवून खायच्या जातीचं. वसईच्या राजेळीचं जवळचं नातलग. लागोसमध्ये बोलीबरोबर भाजके शेंगदाणे, पोर्ट हारकोर्टमध्ये भाजलेला मासा (हा खराखुरा) आणि तिखट रस्सा.

जोलोफ भाताचं नाव सर्वांत गाजलेलं, पण तो मुख्यतः समारंभाचा आणि खानावळीचा. शिवाय ते नाव आलं सेनेगलच्या वोलोफ लोकांवरून. नायजेरियन माणसासमोर हे बेताने बोलावं.

राहिला ‘अगदी परकं खाणं’ हा समज. तिथे उकाड्यात बाजरीचं, आलं घातलेलं ‘कुनू’ पितात; आपली आंबील आठवावी असं. ‘झोबो’ हे गडद लाल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं. विदर्भात त्याच बोंडांची चटणी होते. बाजरी पहिल्यांदा पिकवली गेली ती पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला, आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली. चवळीचं माहेरही आफ्रिकाच, आणि आज जगात सर्वाधिक चवळी पिकते ती नायजेरियात.