प्रगतिपुस्तकातल्या ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात नेमके काय लिहायचे?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा. पेपर तपासून झाले, श्रेण्या भरल्या, उरल्या त्या वर्णनात्मक नोंदी. वर्गात तीस मुले आणि प्रत्येकासाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकाने. म्हणजे एका सत्राला नव्वद नोंदी. अशा वेळी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ येते आणि ‘अक्षर सुधारावे’, ‘गणितात लक्ष द्यावे’, ‘वाचन सराव आवश्यक’ ही वाक्ये आलटूनपालटून तीस पानांवर उतरतात. कागदपत्रांचा भार पाहता याचा दोष एकट्या शिक्षकाला देता येत नाही. पण घरी मात्र तेच एक वाक्य पोचते.

हे रकाने आले कुठून? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितले आहे. त्यानुसार महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० रोजी शासन निर्णय काढला. त्यात वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग केले. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के ठेवला, सातवी-आठवीला ४०.

नोंद का लागते, हे एका उदाहरणातून कळेल. तिसरीतल्या दोन मुलांना गणितात ‘क-१’ मिळाले, म्हणजे दोघेही ५१ ते ६० टक्क्यांत. एकाला हातच्याची वजाबाकी जमत नाही. दुसरा वजाबाकी बिनचूक करतो, पण शाब्दिक उदाहरण वाचून बेरीज करायची की वजाबाकी, हे त्याला ठरवता येत नाही. श्रेणी एकच, अडचण वेगळी आणि उपायही वेगळा. ‘गणितात लक्ष द्यावे’ असे लिहिले की हा फरक पुसला जातो.

पहिल्यासाठी असे लिहिता येईल: ‘बिनहातच्याची वजाबाकी अचूक करतो. हातचा घेतल्यावर दशकातला एक कमी करायला विसरतो. घरी दहाच्या नोटा व सुटी नाणी वापरून रोज दोन उदाहरणे करावीत.’ काय येते, नेमके कुठे अडते आणि घरी काय करता येईल, हे तिन्ही त्यात आले. पालक फारसे शिकलेले नसले तरी नोटा आणि नाणी त्यांच्या ओळखीची असतात. ‘संबोध दृढीकरण आवश्यक’ हे मात्र शिक्षकाशिवाय कुणालाच कळणार नाही.

स्वभावावरची विशेषणे तर टाळावीतच. ‘आळशी आहे’ यापेक्षा ‘लेखन सुरू करतो, पण अर्ध्यावर सोडतो’ हे जास्त खरे, कारण ते प्रत्यक्ष पाहिलेले असते. ‘बोलीभाषा वापरतो’ हे ‘सुधारणा आवश्यक’खाली दिसले की वाईट वाटते. घरची अहिराणी किंवा वऱ्हाडी ही मुलाची चूक नव्हे. ‘गोष्ट स्वतःच्या भाषेत रंगवून सांगतो’ असे तेच निरीक्षण ‘विशेष प्रगती’त शोभून दिसेल.

पण ऑक्टोबरमध्ये आठवून आठवून असे लिहिणे कठीण, हे खरे. म्हणून जुलैपासूनच वहीत प्रत्येक मुलाला एक पान ठेवावे आणि रोज दोनच मुलांबद्दल एकेक ओळ लिहावी. तीस मुलांची फेरी पंधरा शाळादिवसांत पूर्ण होते, सत्रात चार-पाच फेऱ्या सहज होतात. मग नोंद सुचावी लागत नाही, पानावरून उचलता येते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत तर या ओळीला जास्तच वजन आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि मूल आईवडिलांबरोबर कारखान्याच्या गावी जाते. तिथल्या शाळेत ते गेले, तर तिथल्या बाईंनी त्याला कधी पाहिलेले नसते. ‘वारंवार गैरहजर’ एवढेच वाचून त्यांना काहीच करता येत नाही. ‘जोडाक्षरे नसलेला मजकूर सलग वाचते. जोडाक्षर आले की थांबते. चित्रे पाहून गोष्ट सांगायला आवडते’ एवढे वाचले, तर दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात कोणते पुस्तक द्यायचे ते त्यांना ठरवता येते.