किती वॅट? आणि किती ओहमला?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, 'किती वॅटचा?' खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा, हजारांतला आकडा ठळक छापलेला असतो. तो खुशाल सोडून द्या. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, बघा आणि ते किती ओहमला, म्हणजे स्पीकरच्या किती रोधाला, दिलेत तेही बघा. खरी गोम तिथे आहे.

समजा, अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देतो. म्हणजे साधारण २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर. तेवढ्याच व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर जोडला की तो सात अँपिअर ओढायला बघतो, म्हणजे २०० वॅट. एवढा करंट पुरवायला ट्रान्सफॉर्मर दांडगा लागतो, कपॅसिटर मोठे लागतात, हीटसिंकही तसाच लागतो. खर्च तिथेच होतो, म्हणून काटछाटही तिथेच. माहितीपत्रकात ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला जेमतेम ११५ वॅट दिसले, तर करंट कमी पडतोय असं समजावं. १७०-१८० दिसले, तर गडी तयारीचा.

त्यात स्पीकरच्या पाठीवरचे '८ ओहम' हेही नावापुरतेच. हा आकडा स्वरागणिक हलतो. कुठे ३-४ वर उतरतो, कुठे २० च्या वर जातो. १९८० च्या दशकातला अ‍ॅपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर तर १ ओहमच्या आसपासचा होता. त्याच्यापुढे भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरांनी हात टेकले. उलट १९७८ चा एनएडी ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर अवघा २० वॅटचा, पण अवघड स्पीकरही निभावून न्यायचा.

वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. त्यापेक्षा ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त मोठा वाजणारा, स्पीकर घेतला, तर तेवढीच वाढ फुकट पदरात पडते. हे दुकानदार सहसा सांगत नाही.

मोठा अ‍ॅम्प स्पीकर उडवेल, अशी भीती पुष्कळांना असते. उडवू शकतो, पण लहान अ‍ॅम्पही कमी नाही. त्याचा आवाज शेवटपर्यंत पिळला की लाटांचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो, वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि ट्विटरची नाजूक कॉइल जळते.

दिवाणखान्यासाठी ४ ओहमला न डगमगणारा ५०-६० वॅटचा अ‍ॅम्प बहुतेकांना पुरतो. दुकानात तबल्याची रेकॉर्ड लावायला सांगा आणि आवाज चढवल्यावर डग्ग्याची घुमक तशीच राहते का, ते ऐका.